लेकीसाठी लोकरीचं विणतेय: टोपी, गळपट्टा, मनगटमोजे (मापं आणि शंका इथेच टाकूया)

लोकरवेडी

माझी लेक ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला गेली. जाताना आम्ही चांगला गुडघ्यापर्यंतचा कोट घेऊन दिला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. नोव्हेंबरच्या शेवटी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, कोटातून थंडी येत नाही गं. गळ्यातून शिरते आणि बाह्यांमधून वर चढते." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी माळ्यावरची सुयांची पिशवी खाली काढली.

पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायचा असं आधी मनात होतं. पण ती म्हणाली की वर्गात, लायब्ररीत, बसमध्ये सगळीकडे हीटर असतो, जाड स्वेटरात घाम फुटतो. शिवाय तिथे शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, स्कायवे म्हणतात त्यांना, त्यातून तर कोटसुद्धा हातात घेऊन चालतात. थंडी भेटते ती बसस्टॉपवरच्या पंधरा मिनिटांत. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ अंशांच्या आसपास, आणि उणे वीसही काही नवल नाही. तेव्हा असं काहीतरी हवं जे झटकन घालता-काढता येईल, खिशात मावेल आणि नेमक्या फटी बुजवेल. गळा, मनगट, कान.

लग्नाआधी मी खूप विणायचे, मग वीस वर्षं खंड पडला. पहिली टोपी एका अमेरिकन नमुन्यावरून विणली. नमुन्यात ८ नंबरची सुई आणि ८८ टाके असं लिहिलं होतं. माझ्याकडे आईची ८ नंबरची सुई होतीच. आठवडाभर रोज संध्याकाळी बसून विणली, आणि झाली केवढी, तर शेजारच्या वर्षाच्या बाळाला फिट्ट बसली. फार वाईट वाटलं. टाके तर मी तीन-तीनदा मोजले होते. कुठे चुकलं असेल?

दुसरं म्हणजे, लोकर कोणती घेऊ? दुकानात जे "लोकर" म्हणून मिळतं ते बहुतेक सगळं ॲक्रिलिक निघतंय.

जुनी सुई

बाळ, तुझे टाके बरोबर होते, सुईचा नंबर चुकला. आपल्याकडचे जुने नंबर इंग्रजांचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आपली ६ नंबर. तू पूर्ण एक मिलिमीटर बारीक सुईवर विणलंस.

आता हिशोब बघ. ५ मिमीच्या सुईवर जरा जाड लोकर असेल तर १० सेंटीमीटरमध्ये साधारण १८ टाके बसतात, म्हणजे ८८ टाक्यांचा घेर ४९ सेंटीमीटर. ४ मिमीवर १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसले की तेच ८८ टाके ४० सेंटीमीटरवर येतात. नऊ सेंटीमीटर तिथेच गेले.

नंबर विसर, मिलिमीटर बघ. जुन्या सुईवर मिलिमीटर लिहिलेले नसतात, तेव्हा सुयांची मापपट्टी घे, भोकं पाडलेली असते ती. आणि काहीही विणायच्या आधी ३० टाक्यांचा चौकोनी तुकडा विण, धुऊन वाळव, मग मधल्या भागात पट्टी ठेवून मोज. आमच्या वेळी हा तुकडा विणायचा कंटाळा करणाऱ्या मुलींचे स्वेटर नेहमी धाकट्या बहिणीला जायचे.

आणि ती बाळाची टोपी उसवू नकोस. बाळाला देऊन टाक.

हिमकण

मी मिनेसोटात सोळा हिवाळे काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीने अगदी बरोबर ओळखलंय. इथे नवीन येणारा प्रत्येक जण कोटावर पैसे घालतो आणि मनगट उघडं राहतं. बसच्या दांड्याला धरायला हात वर केला की बाही खाली सरकते, हातमोज्याचा काठ आणि बाही यांच्यात दोन बोटं कातडी उघडी पडते आणि वारा तिथूनच शिरतो. मनगटमोजे विणून पाठवाच. ते हातमोज्याच्या आत घालायचे, अर्धे तळव्यावर आणि अर्धे बाहीत. वर्गात हातमोजे काढले तरी हे हातात राहतात, बोटं मोकळी असल्याने लिहिता येतं.

बोटांचे हातमोजे मात्र विणू नका, वेळ फुकट जाईल. या थंडीत चारही बोटं एका खोळीत आणि अंगठा वेगळा असेच मोजे लागतात. बोटं एकमेकांना ऊब देतात. वेगळी केली की प्रत्येक बोट एकटं गारठतं. शिवाय हाताने विणलेल्यातून वारा आरपार जातो, तो कितीही जाड असो. इथे लोक आतून फ्लीसचं अस्तर लावतात. कॅनडात न्यूफाउंडलंडकडे एक जुनी पद्धत आहे: विणताना दर काही टाक्यांनी न कातलेल्या लोकरीचा छोटा पुंजका टाक्याबरोबर ओवून घेतात. बाहेरून नक्षीसारखे ठिपके दिसतात आणि आतून सगळा मोजा मेंढीच्या पाठीसारखा केसाळ होतो. वापरता वापरता ते पुंजके आत दबून त्याचा थर बनतो. एवढा ऊबदार मोजा मी दुसरा पाहिला नाही.

आता लोकर की ॲक्रिलिक. हीटरमुळे इथली घरातली हवा इतकी कोरडी असते की ॲक्रिलिकची टोपी काढली की केस उभे राहतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. हा झाला त्रास, पण खरा फरक ओलाव्याचा. गळपट्टा नाकावर ओढून चाललं की श्वासाची वाफ त्यात जाते. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक वाफ शोषत नाही, ती पृष्ठभागावर राहते आणि गोठते. दहा मिनिटांनी ओठांवर गार, कडक कापड येतं.

गळ्यासाठी मेरिनो घ्या, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला असतो, आपला केस ७०च्या आसपास. म्हणून तो टोचत नाही, वाकतो. "सुपरवॉश" लिहिलेली असेल तर मशीनमध्ये धुता येते, विद्यार्थ्यांना तीच सोयीची. फक्त ती पहिल्या धुण्यात सैल पडते, तेव्हा नमुन्याचा तुकडा धुऊनच मोजा. वरच्या आजींनी सांगितलंच आहे.

लोकरवेडी

आजी, तुम्ही हिशोब मांडला तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पट्टी लावून मोजलं, टोपीचा घेर बरोबर ४० सेंटीमीटर भरला! बाळाच्या आईला देऊन आले.

हिमकण, तुम्ही दांड्याला हात वर करण्याचं लिहिलंत ते वाचून मी कोट घालून, हात वर करून आरशात बघितलं. खरंच दोन बोटं उघडं राहतं.

निफाडची सून

इथे महाराष्ट्रातही ज्यांना खरी थंडी लागते त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. सासरे आणि दीर तीन वाजता बागेत जातात. धूर, ठिणग्या, आणि गळ्यात मफलर.

माझी कळकळीची विनंती आहे: आगीजवळ काम करणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकचं काही विणून देऊ नका. दोन वर्षांपूर्वी दिरांच्या मफलरच्या टोकावर ठिणगी पडली. जळण्याच्या आधी तो वितळला, आणि वितळलेला थेंब त्यांच्या हाताला चिकटला. तो ओढून काढताना कातडी निघाली. मफलर मीच विणलेला होता.

तेव्हापासून मी लोकर घरी आणली की वीतभर तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर धरते. खरी लोकर लागलीच पेट घेत नाही, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली की भुकटी होते. ॲक्रिलिक आक्रसतं, वितळतं आणि खाली काळी कडक गोळी राहते. मिश्र असेल तर वास केसाचा आणि गोळी पण. आता सासऱ्यांची कानटोपी निव्वळ लोकरीची केलीय. महाग पडली, पण पहाटे ते बाहेर गेले की मला धास्ती वाटत नाही.

उलटसुलट

निफाडची सून, हे सगळ्यांनी वाचायला हवं. माझे वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत, रोज शेकोटी असते. आजच त्यांचा मफलर तपासते.

क्रोशेवाली

मला दोन सुयांचं येत नाही, सगळं क्रोशाने करते. तर क्रोशावाल्यांसाठी.

नंबरांचा जसा घोळ तसा आमच्याकडे शब्दांचा घोळ आहे. अमेरिकन नमुन्यात "सिंगल क्रोशे" म्हणतात त्याला ब्रिटिश नमुन्यात "डबल क्रोशे" म्हणतात. अमेरिकन "डबल" म्हणजे ब्रिटिश "ट्रेबल", आपला साधा खांब. त्यामुळे नमुना कुठला आहे ते आधी बघायचं. एक खूण सांगते: नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द आला की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश नमुन्यात तो शब्दच नसतो.

टोपीसाठी उंच खांब घालू नका. खांबाच्या मधल्या फटीतून वारा जातो, दिसायला सुंदर आणि डोक्याला गार. अर्धे खांब घाला. आणि क्रोशाचं कापड दोन सुयांसारखं ताणलं जात नाही, म्हणून काठाला ताण हवा असेल तर टाक्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई न घालता फक्त मागच्या दोऱ्यातून घाला. ओळी आडव्या विणून पट्टी उभी वळवली की ती रबरासारखी ताणते. मी आधी १० साखळ्यांची अशी लांब पट्टी करते, ती गोल जोडते, आणि तिच्या कडेवरून वर टोपी उचलते. तेवढ्याच टोपीला क्रोशाने लोकर जास्त लागते, तेव्हा एक लड जास्तीची घेऊन ठेवा, आणि एकाच लॉट नंबरची. नंतर आणलेल्या लडीचा रंग उन्हात गेल्यावर वेगळा दिसतो.

नवीन टाका

मी दोनच महिन्यांपूर्वी शिकायला लागले. माझा एक टाका सुईवरून सुटला आणि खाली आठ-दहा ओळी घसरत गेला. सगळं उसवावं लागेल का? रडू येतंय.

क्रोशेवाली

अजिबात उसवू नका! क्रोशाची सुई घ्या. विणकाम सुलट बाजूने समोर धरा. सुटलेला टाका खाली फासासारखा दिसेल आणि त्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे. फासात समोरून सुई घाला, सगळ्यात खालची पायरी पकडा, फासातून ओढून घ्या. मग पुढची पायरी. वर पोचलात की टाका परत डाव्या सुईवर चढवा. एकही पायरी सोडू नका.

नवीन टाका

झालं!! नऊ पायऱ्या होत्या. कुठे सुटला होता ते आता मलाच सापडत नाहीये. मनापासून आभार.

माणदेशी

मी विणत नाही, पण लोकरीच्या घरातला आहे. आमच्याकडे मेंढरं धनगरांची आणि घोंगडी विणणारे सनगर, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमच्या आजोबांचा खड्ड्यातला माग मी लहानपणी पाहिलाय. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर, हाताने कातलेली, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, चिंचोक्याची खळ. ती खळ चढवली की दोरा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही.

धागा वाचून वाटलं, या लोकरीचं टोपी-मफलर होईल का असं कुणीतरी विचारेल. माझ्या बहिणीने करून पाहिलंय. गळ्याला होत नाही, तंतू भरड असतो, मान लाल होते. पण टाकू नका. जुनी घोंगडी असेल तर तिचे पायाच्या मापाचे तुकडे कापून बुटात तळाला घाला. माझा चुलतभाऊ लेहला नोकरीला होता, तो दोन हिवाळे तेच वापरायचा. जमिनीची गारठ तळव्यातून चढते, ती तिथेच अडते. लेकीला पाठवत असाल तर दोन जोड पाठवा, एक वाळत असताना दुसरा घालता येतो. कापलेल्या कडेला घोंगडीच्या टाक्यासारखा दाट दोरा फिरवून घ्या, नाहीतर उसवतं.

लोकरवेडी

माणदेशी दादा, आमच्या घरी सासऱ्यांची घोंगडी आहे, एका कोपऱ्याला जळकी. त्यांची आठवण म्हणून कपाटात होती, वापर काहीच नव्हता. जळका कोपरा सोडून चार तुकडे कापले. कात्री लावताना हात थरथरला, खरं सांगते. पण नातीच्या पायाखाली जाणार म्हटल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "काप."

आता माझा संच झालाय, मापं देते. मेरिनो, ४ मिमीच्या सुया, १० सेंटीमीटरला २२ टाके. दोन सरळ सुयांवर, कडेला शिवण.

टोपी (डोक्याचा घेर ५६ सेंमी): ११० टाके. दोन सुलट दोन उलट अशी १० सेंटीमीटर पट्टी. ही नंतर अर्धी वर दुमडायची, म्हणजे कानांवर दुहेरी थर येतो. त्यापुढे साधं, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट एक सुई उलट. एकूण २० सेंटीमीटर झालं की घट सुरू. कडेचा एकेक टाका शिवणीला सोडून मधल्या १०८ टाक्यांवर "१० सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणायचे)" असं नऊ वेळा. परतीची सुई उलट. मग "९ सुलट, दोनाचा एक", असं दर सुलट सुईला एकेक कमी करत जायचं. मधले १८ राहिले की कडेच्या दोघांसकट सगळ्यांतून दोरा ओवून घट्ट ओढायचा. टोपीचा घेर डोक्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर कमीच हवा, ताणून बसली तरच वाऱ्यात जागेवर राहते. १०० ग्रॅम लोकर पुरली.

गळपट्टा: टोकं लोंबणारा मफलर केला नाही. ११८ टाके, साडेचार मिमीची सुई, दोन सुलट दोन उलट, २५ सेंटीमीटर उंच, मग कडा जोडून गोल. शेवटचे टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घेतली. पहिल्या वेळी नेहमीच्या सुईने बंद केले होते, तर काठ आवळला आणि डोक्यातून जाईना.

मनगटमोजे: ४२ टाके, दोन सुलट दोन उलट, १९ सेंटीमीटर. शिवताना खालून ११ सेंटीमीटर शिवायचं, ५ सेंटीमीटर अंगठ्यासाठी मोकळं सोडायचं, वरचे ३ परत शिवायचे. त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना दोरा दोनदा फिरवा, सगळा ताण तिथेच येतो. एका संध्याकाळी एक होतो.

दुचाकीवाली

गळपट्टा गोल केलात हे फार बरं केलंत. पुण्यात पहाटे स्कूटरवर जाणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं असतं. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपण ऐकतोच, मफलरचं टोकही तसंच जातं. इसाडोरा डंकन ही मोठी नर्तकी १९२७ साली फ्रान्समधल्या नीसला अशीच गेली, लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. हेल्मेटखाली मात्र दुमडलेल्या काठाची टोपी घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही. पातळ कानपट्टी विणा.

जुनी सुई

धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहिते. खऱ्या लोकरीच्या तंतूला खवले असतात. गरम पाणी, खारा साबण आणि चोळणं, तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि टोपीचा नमदा होतो, म्हणजे ती आटून घट्ट, जाड कापड बनते. तो परत सुटत नाही. रिठ्याचं पाणी कोमट करून त्यात दहा मिनिटं नुसतं बुडवून ठेवायचं. पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलं की पाण्याच्या वजनाने लांबतं.

ॲक्रिलिकला कसली भीती, तर इस्त्रीची. एकदा कडक वाफ लागली की ते लुळं पडतं, पट्टीचा ताण कायमचा जातो.

उन्हाळ्यात ठेवताना धुऊनच ठेवा. कसर लागते ती घामाच्या, तेलाच्या डागांना आधी. मी कडुलिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधते आणि दर महिन्याला एकदा सगळं काढून झटकते. झटकणं महत्त्वाचं, पाल्याच्या भरवशावर राहू नका.

लोकरवेडी

धागा वर काढतेय. पार्सल पोचलं! फोटोत टोपी भुवयांपर्यंत ओढलीय आणि गळपट्टा नाकावर, नुसते डोळे दिसतायत. घोंगडीचे तळवे बुटात बसले, थोडे कापावे लागले म्हणाली. मनगटमोजे तर ती झोपतानाही काढत नाही, लॅपटॉपवर काम करताना हात गार पडत नाहीत म्हणे.

आता तिच्या रूममेटलाही हवेत. ती मुलगी इंदूरची आहे, घरी कुणी विणणारं नाही. मनगट बारीक आहे, १५ सेंटीमीटर. किती टाके घालू, आजी?

जुनी सुई

३८ घाल. पहिल्या आणि शेवटच्या तीन सुया १० नंबरवर विण, म्हणजे सव्वातीन मिमी. काठ ढिला पडणार नाही. आणि रंग तिला विचारून घे.